दयानंद जागा हाय!

मित्रांनो, माझ्या तोंडाला पोचे आलेत, रंग कधीच उडालाय आणि एकदा तर कुंभारमाशीनं माझ्या घशातच घर बांधलं होतं. तरी माझा आवाज अख्ख्या शिवारात घुमतो, हे मी छाती नसताना छाती काढून सांगतो. मी एक जुना भोंगा आहे. हिमायतनगरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी दयानंदचं वावर आहे. तिथे एका लोखंडी खांबावर माझा मुक्काम असतो.

उमेदीच्या काळात मी नांदेडच्या एका मांडववाल्याकडे होतो. मी लग्नांत रुसलेल्या मामांना अक्षता टाकायला बोलावलं. ज्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यांच्यासाठी मतं मागितली. माळेगावच्या जत्रेत एकदा हरवलेल्या पोराचं नाव पुकारलं. त्याची आई धावत आली आणि पोराला पोटाशी धरून तिनं माझ्याकडे बघत हात जोडले. तसं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. मी जन्मात स्वतःचा एक शब्द बोललेलो नाही. जे बोललो ते सगळं दुसऱ्याचं.

पुढे डीजेचे मोठमोठे डबे आले, आम्हा भोंग्यांना कोण विचारतो? मांडववाल्यानं मला भंगारात दिलं. फुटक्या बादल्यांच्या ढिगात मी उताणा पडून होतो, तिथून दयानंदनं मला उचललं.

दयानंद म्हणजे मोठ्या गळ्याचा माणूस. या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचा माणूस दचकायचा. त्याच्या हरभऱ्यात रात्री रानडुकरं शिरायची आणि सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसायचं. रोज रात्री जागल करून तो वैतागला होता. मग त्यानं मला खांबावर चढवलं, शेजारी सूर्यप्रकाशावर चालणारी पाटी लावली आणि खाली एका पेटीत बॅटरी बसवली. मोबाईलवरून आवाज भरले. आधी कुत्री भुंकायची, मग वाघाची डरकाळी, मग फटाके. आणि शेवटी खुद्द दयानंदचा आवाज, "हाऽऽ हुर्र! नीघ मुडद्या! दयानंद जागा हाय!"

आता गंमत बघा. मी रात्रभर, थोड्या थोड्या वेळानं, दयानंद जागा हाय म्हणून ओरडायचो आणि दयानंद गावात घरी गोधडीत घोरत पडलेला असायचा. खोटं बोलायचा पगार कुणी देत नाही म्हणतात, पण माझी बॅटरी रोज भरत होती. डुकरं मात्र खरंच पळायची. दयानंदची पोरगी सृष्टी, सहावीतली, तिला तर तो सगळा आवाज पाठ होता. रानात आली की कमरेवर हात ठेवून बापाची नक्कल करायची, बायाबापड्या हसून हसून बेजार व्हायच्या.

या दिवाळीत सोयाबीनची मळणी माझ्या शेजारीच झाली. सगळं भुसकट उडून पाटीवर बसलं. सृष्टीनं बापाला दोनदा सांगितलं की पाटी पुसायला पाहिजे, मला शिडी धरा. दयानंद म्हणाला, दिवाळी होऊ दे, मग बघू. बघू म्हटलेलं काम कधी होतं का? माझा आवाज आधी घोगरा झाला, मग बसला. एका संध्याकाळी पेटीवरचा लाल दिवा विझला आणि मी मुका झालो. दिवाळीच्या गडबडीत रानात कुणी फिरकलं नाही, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. त्या रात्रीपासून डुकरं पुन्हा हरभऱ्यात आली आणि मी वरून नुसता बघत राहिलो.

भाऊबीजेला लातूरहून दयानंदची धाकटी बहीण पूनम आली, तिचा मुलगा शिवमही आला. शिवमनं एक तंबू मागवून आणला होता. त्याला मामाच्या रानात तंबू ठोकून झोपायचं होतं. मामा तर एका पायावर तयार. भाकरी, ठेचा, शेंगदाणे बांधून सृष्टीसकट ती चौघं रानात आली आणि माझ्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांनी तो निळा तंबू ठोकला.

अंधार पडला तशी रानातली बोलणी सुरू झाली. शिवम प्रत्येक आवाजाला दचकायचा आणि दयानंद आतूनच नाव सांगायचा. ती टिटवी. तो पिंगळा, बाभळीवर बसलाय. ते कोल्हे, एकानं सुरू केलं की सगळ्यांना गळा फुटतो. एकदा धापकन आवाज झाला तेव्हा ते फक्त कवठ पडलं होतं. पूनम खुदुखुदू हसत होती. "मला रानातला समदा आवाज पाठ हाय," दयानंद म्हणाला. मलाही त्या वेळी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग कोल्हे एकदम गप्प झाले. रातकिडेसुद्धा थांबले. आणि पलीकडच्या तुरीतून एक आवाज आला. ओल्या लाकडावर करवत ओढावी तसा, खर्र खर्र, दमादमानं.

शिवमनं विचारलं की हे काय. दयानंद हसला. तो आपला भोंगा, चार्जिंग उतरलं की मधे मधे बंद पडतो आणि त्याचा गळा बसतो. आता बघ, याच्यामागून फटाके वाजतात, मग मामा बोलतो. सगळी कान देऊन बसली. मीही बसलो, कारण मला माहीत होतं की मागून कुणीही बोलणार नाही.

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे, तरी तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडलोच नव्हतो! माझ्यात धुगधुगीसुद्धा नव्हती. डुकरांच्या मागावर बिबट्या आला होता, आणि त्या बिबट्याला हा शहाणा माणूस भोंगा समजत होता! रोज खोटी डरकाळी ऐकवून मीच या लोकांचे कान बधिर केले होते. आता ते कुणाला आणि कसं सांगू? दुसऱ्यानं बोलवल्याशिवाय मला बोलता येत नाही.

ना फटाके वाजले, ना मामाचा आवाज आला. मधेच अडकलं असेल, असं दयानंदनं स्वतःच ठरवलं. शिवम आईला बिलगून बसला होता. तेव्हा दयानंद बसल्या जागी म्हणाला, "सृष्टे, जा गं, बटन बंद करून ये. पोरगं भिऊन राहिलंय."

पूनम म्हणाली की दादा, पोरीला कशाला, तू जा की. त्यानं पाय ताणून दिले आणि सांगितलं की आपल्याच रानात कसलं भ्या, माझी पोरगी वाघीण हाय. सृष्टीला तेवढं पुरे झालं. ती चप्पल घालून, हातात टॉर्च घेऊन निघाली.

मी वरून दोन्हीकडे बघत होतो. इकडून तो उजेडाचा ठिपका येत होता, तिकडे तुरीचे शेंडे हलत होते. ती गाणं गुणगुणत होती. माघारी फीर गं बाई, माघारी फीर, असं मी आतल्या आत ओरडत होतो. नवरदेवांच्या मामांना मी बोलावलं, कुणाकुणासाठी मतं मागितली, आणि आज या एका लेकराला थांब म्हणायला माझ्याकडे एक शब्द नव्हता!

ती खांबाजवळ आली. तिनं पेटी उघडली. उजेड आत धरला आणि तशीच उभी राहिली. मग तिचा आवाज बारीक झाला.

"पप्पा, हे तर बंदच हाय."

तेवढ्यात पुन्हा तो करवतीचा आवाज आला, आता तुरीच्या पहिल्याच ओळीतून. तिनं टॉर्च वळवला तर तिथे दोन डोळे हिरवे चमकले.

मग तंबूत एकच धांदल उडाली. चेन अडकली. दयानंदनं कापड टराटरा फाडलं आणि बाहेर आला. त्यानं तोंड उघडलं. या बांधावरून त्या बांधावर जाणारा तो गळा, त्यातून नुसती हवा आली. एवढा मोठा बाप माणूस, दोन्ही हात पुढे करून उभा, आणि आवाज फुटत नाही! त्याचे पायही जमिनीत रुतल्यासारखे झाले होते. असं काही बघायला मिळेल, हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सृष्टी पळाली नाही. का, ते तिला आजही सांगता येत नाही. तिनं पाठ माझ्या खांबाला टेकवली, टॉर्च डोक्यावर धरला आणि पोटातून ओरडली.

"हाऽऽ हुर्र! नीघ मुडद्या! दयानंद जागा हाय!"

तीच बापाची नक्कल, शब्द न् शब्द तोच. पण त्या रात्री कुणालाही हसू आलं नाही. तिनं ते पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, आवाज चिरकला तरी म्हणत राहिली. हिरवे डोळे क्षणभर थांबले. मग वळले. तुरीतली सळसळ डोंगराकडे गेली आणि रान मोकळं झालं.

दयानंद कसातरी धडपडत आला आणि तिच्या पायाशी मटकन खाली बसला. तिचे पाय धरून तो हुंदके देत होता. सृष्टी म्हणाली, "पप्पा, मी पाटी पुसायची म्हणलं होतं की." रागानं नाही, साधंच म्हणाली. तो मान हलवत राहिला.

सकाळी हरभऱ्याच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले. माझ्या खांबापासून ते फार लांब नव्हते. पूनमनं ते बघितले आणि भावाशी दिवसभर बोलली नाही. दयानंदनं स्वतः शिडी लावली, अंगातला दिवाळीचा नवा सदरा काढून त्यानं पाटी पुसली आणि माझ्या तोंडातली कोळ्याची जाळीही काढली. खांबावर चढवल्यापासून मला त्यानं पहिल्यांदाच हात लावला होता.

मित्रांनो, तुमच्या घरीही आमच्यासारखी राखणीला ठेवलेली यंत्रं असतील. आम्हाला पुसत चला, आमचा दिवा लागलाय का ते बघत चला. आणि अंधारात बघायला जायचं असेल तर लेकराला पाठवू नका, मोठ्यांनी उठावं. आम्ही ओरडतो ते दुसऱ्यानं शिकवलेलं असतं. आम्हाला कुणाची काळजी करता येते, पण कुणाला वाचवता येत नाही.

शिवम म्हणाला होता की मामा, नेटवरून दुसरा आवाज भरून देतो. दयानंदनं नको म्हटलं. तो आता घरी झोपत नाही. त्यानं माझ्या खांबाखाली बाज टाकली आहे. रात्री माझी कुत्री भुंकतात, वाघ डरकाळी फोडतो, फटाके वाजतात, तेव्हा तो उठून बसतो आणि श्वास रोखून वाट बघतो. मग मी त्याच्याच आवाजात ओरडतो, "दयानंद जागा हाय!"

तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडतो. अंधारात वर माझ्याकडे बघून तो हळूच म्हणतो, "हाव, जागा हाय."