‘हो’ला बंदी असलेला वर्ग

तिसरीच्या त्या वर्गात ‘हो’ म्हणायला बंदी होती. डबा आणला का, खिडकी लावली का, अशा प्रश्नांना हो चालायचं. पण फळ्यावर काही शिकवून झालं, की एका सुरात ‘होऽऽ’ म्हणायचं नाही. समजलं असेल तर स्वतःच्या शब्दांत सांगायचं. समजलं नसेल तर ‘अडलं’ म्हणायचं आणि नेमकं कुठे अडलं तेही सांगायचं. मग ज्याचं तिथेच अडून सुटलं असेल, त्याने उठून सोडवायला जायचं.

तिसरीच्या बाईंची ही पहिलीच नोकरी. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनीही इतरांसारखंच ‘कळलं का?’ विचारलं होतं आणि इतरांसारख्याच त्या ‘होऽऽ’ ऐकून खूश झाल्या होत्या. मग पहिली चाचणी झाली. पेपर तपासताना लक्षात आलं, की हो म्हणणाऱ्या निम्म्या मुलांना उत्तर सोडाच, प्रश्नही कळला नव्हता. दुसऱ्या दिवशी बंदी आली.

बंदीने गणित सुधारलं आणि आवाज वाढला. मुलं बाकांवरून उठून एकमेकांकडे जात, हातवारे करीत, ‘असं नाही, थांब, मी दाखवतो’ म्हणून हुज्जत घालीत. एका बाजूच्या वर्गाच्या बाईंनी मधल्या बंद दाराच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. चित्रकलेचे सर त्या वर्गाला ‘बाजार’ म्हणू लागले आणि ते नाव शिक्षकांच्या खोलीत चिकटलं ते चिकटलंच.

वार्षिक परीक्षा संपली, निकाल तयार झाले. शेवटचा आठवडा उरला होता. त्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, पुढच्या वर्षीची मांडणी वाचून दाखवली. या शाळेत तिसरीचा प्रत्येक वर्ग जसाच्या तसा वर चढायचा आणि चौथीच्या एका बाईंकडे जायचा. यंदा मात्र बाजाराचे तीन भाग करून ते चौथीच्या तीन तुकड्यांत वाटायचे होते.

“मीठ जास्त पडलं तर आपण काय करतो? दोन-तीन पातेल्यांत वाटून टाकतो,” मोठे सर म्हणाले. “तुमच्यावर राग नाही, बाई. निकाल चांगलाच आहे. पण आवाजाच्या तक्रारी मी किती ऐकायच्या?”

“सर, ही मुलं एकमेकांच्या आधाराने शिकतात,” तिसरीच्या बाई म्हणाल्या. “वेगवेगळ्या वर्गांत गेली की आठवड्याभरात तिथल्या सुरात सूर मिसळतील. काहींना तर आत्ता कुठे तोंड फुटलंय. ती आधी गप्प होतील.”

“गप्प झाली तर बरंच की,” चित्रकलेचे सर म्हणाले. कुणीतरी हसलं.

कोपऱ्यात निकालपत्रांवर सह्या करत बसलेल्या, चौथीच्या तिघींतल्या सगळ्यांत कडक बाईंनी मान वर केली. “सर, परवा चढता दिवस आहे. तो वर्ग माझ्याकडे बसवा. संध्याकाळी मी माझं मत सांगते. मग काय ते ठरवा.”

चढता दिवस ही त्या शाळेची जुनी पद्धत. वर्ष संपण्याआधी एक दिवस प्रत्येक वर्ग पुढच्या इयत्तेच्या खोलीत, पुढच्या बाईंसमोर बसायचा. मुलांची भीती मोडायची आणि सुट्टीत बाईंच्या मनाची तयारी व्हायची.

मोठ्या सरांनी मान डोलावली. तिसरीच्या बाई मात्र धास्तावल्या. या चौथीच्या बाईंचा, भिंतीपलीकडचाच, वर्ग म्हणजे शाळेतला सगळ्यांत शांत वर्ग. तिथे खोडरबर पडलं तरी बाहेर ऐकू यायचं. शिवाय चौथीच्या बाई त्यांच्या सख्ख्या नणंद होत्या, नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत दोघी एकमेकींना ‘बाई’ म्हणत. घरी एक ‘ताई’ आणि दुसरी ‘धाकटी’.

ताई जवळच राहायच्या आणि रोज संध्याकाळी आईच्या डोळ्यांत औषध घालायला यायच्या. त्या दिवशीही आल्या. सासूबाई खुर्चीत मान मागे टाकून बसल्या होत्या, नवरा शर्टाला इस्त्री करत होता, आणि धाकटी वाटाणे सोलत होती.

“काय गं, शाळेत म्हणे निवाडा आहे तुमच्यात?” सासूबाईंनी विचारलं.

“निवाडा कसला? मुलं बघणार आहे मी. वर बघ. डोळा मिटू नकोस.”

“हिच्या लहानपणी बाहुल्यासुद्धा रांगेत झोपायच्या,” सासूबाई सुनेला म्हणाल्या. “एखादी कुशीवर वळली तर तिचं काही खरं नसायचं.”

“आई, बोलू नकोस. थेंब गालावर पडतोय.”

“ताई, तुम्ही आधीच काही ठरवलंय का?” धाकटीने विचारलं.

“ठरवलं असतं तर दिवस कशाला मागितला असता? आणि हे बघ धाकटे, नणंद म्हणून गोड बोलेन अशी आशा ठेवू नकोस.”

“ती मी लग्नातच सोडली.”

सासूबाई इतक्या हसल्या की दुसराही थेंब गालावर गेला.

ताई गेल्यावर नवऱ्याने इस्त्री उभी केली. “मी काय म्हणतो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मुलांना सांग, गुपचूप बसा आणि हो म्हणा. ताईला गप्प वर्ग आवडतो. काम फत्ते.”

“वर्षभर बंदी घालून शेवटच्या आठवड्यात उठवू?”

“एका दिवसापुरती गं. अडला हरी...”

“गाढवाचे पाय धरी. म्हणजे ताई गाढव?”

“मी फक्त म्हण म्हटली,” नवरा म्हणाला आणि कॉलरकडे वळला.

पण सल्ला डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं एका मोठ्या कागदाभोवती पालथी पडली होती. पुढच्या वर्षी तिसरीत येणाऱ्यांसाठी ती कागद तयार करत होती: या वर्षी कुठे कुठे अडलं आणि ते कसं सुटलं. हातच्याची वजाबाकी, घड्याळातला पाऊण, नकाशातली डावी बाजू. बाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. उद्या शहाण्यासारखं गप्प बसा, एवढं म्हटलं असतं तर त्या मुलांनी ते ऐकलंही असतं. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.

“उद्या तुम्ही चौथीच्या बाईंकडे बसणार आहात,” त्यांनी सुरुवात केली.

“बाई, तिथे अडलं तर काय म्हणायचं?” प्रश्न ‘वकिला’चा होता. प्रत्येक गोष्टीवर उलटतपासणी घेतो म्हणून त्याला ते नाव पडलं होतं.

बाकीच्यांचे खडू थांबले. कागदाच्या टोकाशी बसलेल्या मुलीने मान वर केली. तिला सगळे चिमणी म्हणत. पहिले कित्येक महिने ती हजेरीलाही आवाज न देता नुसतं बोट वर करायची. पहिल्यांदा ‘अडलं’ म्हणायला तिने अर्धं वर्ष घेतलं होतं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि ओठांवरचं वाक्य गिळलं.

“अडलं तर अडलंच म्हणायचं.”

“त्या रागावल्या तर?”

“तर उभं राहून नीट सांगायचं, कुठे अडलं ते. एका वेळी एकाने.”

“तुम्ही याल मदतीला?”

“नाही. मी भिंतीपलीकडे असेन.”

“मग उपयोग काय?” वकील म्हणाला आणि पुन्हा कागदावर पालथा पडला.

चढत्या दिवशी तिसरीच्या बाईंच्या खोलीत दुसरीची मुलं आली. डबे छातीशी धरून, बाकांच्या टोकांवर बसली.

“खोली आवडली का?”

“होऽऽ.”

“तिसरीत यायचंय ना?”

“होऽऽ.”

“तुम्ही सगळे हत्ती आहात का?”

“होऽऽ,” मुलं म्हणाली आणि मग एकमेकांकडे बघून खिदळली.

त्यांना चित्रं काढायला देऊन बाई भिंतीलगतच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. पलीकडून चौथीच्या बाईंचा एकसारखा आवाज येत होता. मधूनमधून खडूचा. मग तो थांबला आणि स्पष्ट ऐकू आलं, “कळलं का?”

एरवी या प्रश्नानंतर त्या खोलीतून एक लांबलचक ‘होऽऽ’ यायचा. आज काहीच आलं नाही. शांतता ताणली गेली. आता वकील उठेल, तिसरीच्या बाईंना वाटलं, आणि काहीतरी आगाऊपणा करेल.

“अडलं.”

आवाज बारीक होता. वकिलाचा नव्हता. चिमणीचा होता.

तिसरीच्या बाईंनी टेबलाची कड धरली. ओळखीचा वर्ग नाही, आपल्या बाई समोर नाहीत, आणि शाळेतल्या सगळ्यांत कडक बाईंसमोर ती पहिली उठली होती. आता वर्ग वाटला गेला तरी एवढं कुणाला काढून घेता येणार नव्हतं.

“बाई, तुम्हाला काय झालं?” दुसरीतल्या एकाने विचारलं.

“काही नाही. तू हत्ती काढ.”

पलीकडे “कुठे?” एवढं ऐकू आलं. चिमणीचं उत्तर भिंतीतून पोचलं नाही. थोड्या वेळाने एक बाक सरकलं, मग दुसरं. कुजबुज, कुजबुजीचं बोलणं, बोलण्याचा कलकलाट. उघड्या दारातून मोठे सर व्हरांड्यातून जाताना दिसले. ते चौथीच्या दाराशी जाऊन थांबले. झालं, तिसरीच्या बाई मनात म्हणाल्या. सर बराच वेळ तिथेच उभे होते.

संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत चौथीच्या बाईंनी आधी हातांचा खडू धुतला, मग चहाचा कप घेतला.

“तक्रारी आधी सांगते,” त्या मोठ्या सरांना म्हणाल्या. “रांगेत उभं राहायचं वळण नाही. दोघांचं अक्षर वाचवत नाही. तो वकील माझं वाक्य संपू देत नाही, त्याला मी सरळ करेन.”

“आणि?” मोठ्या सरांनी विचारलं.

“अपूर्णांकांची तोंडओळख घेतली. चौथा भाग मोठा की आठवा. फळ्यावर दोन वर्तुळं काढली, भाग केले, समजावलं. कळलं का विचारलं तर चिडीचूप. मला वाटलं घाबरली. तर ती बारकी मुलगी उठली. उभी राहिली तरी बाकाएवढीच. म्हणे, तुम्ही सांगता आठवा भाग लहान, पण फळ्यावर दोन्ही तुकडे सारखेच दिसतात.”

“मग?” चित्रकलेचे सर म्हणाले.

“मग मी मागे जाऊन पाहिलं. माझं दुसरं वर्तुळ चांगलंच मोठं झालं होतं. आठ भाग मावायला हवेत म्हणून हात आपोआप मोठं काढतो. दरवर्षी तसंच काढत असणार. आणि दरवर्षी वर्ग होऽऽ म्हणत आलाय.”

चौथीच्या बाईंनी चहाचा एक घोट घेतला.

“मी पुसायला गेले तर एक जण म्हणाला, थांबा, आधी हिला पटू दे. दोन सारखी डब्यांची झाकणं आणली, कागदावर गिरवली, कापली, घड्या घातल्या. तुकडे तिने स्वतः एकावर एक ठेवून पाहिले. मग निघालं, की आणखी बऱ्याच जणांचं तिथेच अडलं होतं. ते आपसात सोडवायला लागले. आवाज झाला. भरपूर झाला. मी थांबवला नाही.”

“मी दारात होतो,” मोठे सर म्हणाले. “तुम्ही मागच्या बाकावर बसला होतात.”

“पुढे जागा कुठे होती? फळ्यापाशी सगळी तीच.”

“ती रडली नाही ना?” तिसरीच्या बाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“कोण, ती? वर्ग सुटताना मलाच विचारलं, बाई, आता तुम्हाला कळलं का?”

चित्रकलेचे सर चहात ठसकले. मोठ्या सरांनाही हसू आवरायला चष्मा पुसावा लागला. “म्हणजे तुमचं मत काय?”

“वाटायचा नाही. अख्खा वर्ग मला द्या.”

“आणि आवाज?”

“तो माझ्या खोलीतून येईल. ज्याची तक्रार असेल त्याने माझ्याकडे यावं. बघू कोण येतं ते.”

मोठ्या सरांनी खोलीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. चित्रकलेचे सर कप विसळायला उठले. त्यांनी तीन रकाने आखलेला कागद दुमडला. “ठीक आहे. पण व्हरांड्याकडचं दार लावून घेत जा.”

दोघी एरवी शाळेतून वेगवेगळ्या निघायच्या. नात्याचा फायदा घेतला असं कुणी म्हणू नये, म्हणून चौथीच्या बाईंनीच तो नियम घातला होता. आज त्या फाटकापाशी थांबल्या होत्या. चिमणीची आई, कपडे शिवायच्या दुकानातून तशीच गळ्यात टेप घेऊन आलेली, त्यांच्याशी बोलत होती.

“बाई, आमचीला कुठल्या तुकडीत टाकताय? सगळ्यांना वेगळं करणार असं कानावर आलं.”

“कुणालाही वेगळं करणार नाही. सगळी माझ्याकडे येताहेत.”

“बरं झालं. ती बोलते का हो वर्गात? घरी हल्ली गप्पच बसत नाही. आधी शाळेच्या दारात माझा हात सोडायची नाही.”

“बोलते म्हणजे? आज मला बोलली,” चौथीच्या बाई म्हणाल्या. “पण त्यातलं माझं काही नाही. सगळं यांचं.” त्यांनी मागून येणाऱ्या तिसरीच्या बाईंकडे हात केला.

“या तुमच्या भावजय ना?”

“ते घरी. इथे तिसरीच्या बाई. त्यांनी हा वर्ग घडवलाय.”

आईने दोन्ही हातांनी तिसरीच्या बाईंचा हात धरला आणि ती हसली. ती गेल्यावर दोघी चालू लागल्या. वळणावर चौथीच्या बाईंनी पावलं हळू केली.

“सुट्टीत एक दिवस सकाळी ये,” मग त्या म्हणाल्या. “बंदी घातल्यावर पहिले काही दिवस मुलं काय करतात, तू काय करायचीस, मला सगळं नीट सांग. पुढच्या वर्षी मला पहिल्या दिवसापासून लागेल.”

“येते. पण ताई, सवय व्हायला वेळ लागतो.”

“मुलांना?”

“बाईंना.”

“ते दिसलंच आज,” चौथीच्या बाई म्हणाल्या आणि आपली जड पिशवी बदलून दुसऱ्या हातात घेतली. तिसरीच्या बाईंनी ती घ्यायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो सरळ बाजूला सारला. “राहू दे. बरोबरीने चाल.”