धूर गेला, भट्टीकाका राहिले

मित्रांनो, मी एक जुनी लाकडाची भट्टी आहे. आता थंड पडले आहे, आणि खरं सांगू? सुटले बाई एकदाची!

विटा रचून, माती लिंपून मला या बेकरीच्या मागच्या खोलीत उभं केलं. माझ्यासमोर उभं राहून पाव भाजता भाजता भट्टीकाकांचे केस पिकले. त्यांची एक लकब होती. ते चिमूटभर पीठ माझ्या तळावर भिरकावायचे आणि ते लालसर झालं की पाव आत सरकवायचे. गल्लीभर आमच्या पावाची वाहवा व्हायची. माझा धूर मात्र वरच्या मजल्यावर शिंपीणबाईंच्या घरात शिरायचा. त्यांच्या लेकीला दमा होता. त्यामुळे त्यांची खिडकी कायम बंद आणि तोंडाचा पट्टा कायम चालू!

मग पालिकेचा हुकूम आला. लाकडाच्या भट्ट्या बंद करा, विजेच्या आणा, आम्ही मदत देऊ. बेकरीच्या मालकीणबाई काकांना म्हणाल्या, "आता नुसतं बटण तर दाबायचं. ते मीच करीन की. तुम्ही दुसरीकडे बघा."

या वयात काकांना दुसरीकडे कोण घेणार? माझा जीव तुटला. धूर माझा आणि शिक्षा त्यांना!

हे कळताच शिंपीणबाई तरातरा खाली आल्या. मला वाटलं, झालं, आता या आगीत तेल ओतणार. पण त्या मालकीणबाईंना म्हणाल्या, "मी धूर नको म्हटलं होतं. हा माणूस नको, असं कधी म्हटलं? मशीनला मदत मिळते, मग माणसाला शिकवायला का नाही? चला, पालिकेत जाऊन विचारू."

दोघी गेल्या, भांडल्या आणि काकांच्या शिकण्याची सोय करूनच परतल्या. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

पहिल्याच दिवशी काकांनी सवयीने नव्या भट्टीचं दार पुन्हापुन्हा उघडून पीठ भिरकावलं. सगळी ऊब बाहेर आणि पाव पांढरेफटक! मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. काकाही हट्टाला पेटले. दार न उघडता काचेतून पावाचा रंग ओळखायला शिकले. आता पाव थेट माझ्यातल्या पावांसारखे होतात. म्हणजे, जवळजवळ.

आज सकाळी वरची खिडकी सताड उघडी होती. लेक खाली वाकून म्हणाली, "काका, झाले ना पाव? वास आला!"

मित्रांनो, आम्हा जुन्या भट्ट्यांना जरूर विझवा. फक्त त्याआधी आमच्यासमोर कोण उभं आहे, तेवढं बघा. आमचे काका अजूनही रोज आधी माझ्याकडे येतात आणि माझ्या थंड तळावर चिमूटभर पीठ भिरकावतात. ते पांढरंच राहतं. मग काका हसतात आणि बटण दाबायला जातात.