साहेबांच्या मोटारीचं दुखणं

श्रीपादराव घाणेकरांनी मोटार घेतली तेव्हा अंबरनाथच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये घरोघर पेढे गेले. आपलं लग्न ठरलं तेव्हा साखरेवर भागलं होतं, हे त्यांच्या बायकोला, सुनेत्राला, पेढे वाटता वाटता आठवलं. मोटार एका इंग्रज साहेबाची होती. साहेब बोटीत बसून विलायतेला गेला आणि मोटार मागे ठेवून गेला. ती त्याने का ठेवली असेल हा प्रश्न श्रीपादरावांना पडला नाही. ते ऑर्डनन्स फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या असल्यामुळे स्वतःच्या व्यवहाराकडे बघायला त्यांना सवड नसे.

मोटारीला पुढे पितळी बिल्ला होता. मुंबईत मोटारमालकांची एक मंडळी होती, तिचे श्रीपादराव सभासद झाले होते. रस्त्यात कुठेही गाडी अडली की मंडळीला फोन करायचा, मंडळीचा माणूस हजर. गाडी रोज पुसली जाई ती तुळशीच्या फडक्याने. तुळशी म्हणजे त्यांची मोलकरीण. बिल्ला मात्र श्रीपादराव स्वतः पुसत.

तर त्या वर्षी दिवाळीनंतर बदलापूरच्या मुलींच्या शाळेत एक बाई हवी होती. सुनेत्राने अर्ज केला. लग्नानंतर आठ वर्षांनी, डाळीला फोडणी देता देता पाठांतर करून, ती मॅट्रिक झाली होती. घरात शिकवायला कोणी नव्हतं आणि थांबवायला सगळे होते. श्रीपादरावांनी परवानगी दिली, ती सुद्धा अशी की जणू खिशातली घड्याळाची साखळी काढून देताहेत. सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "जा बाई. चूल काय, मी आले तेव्हाही होतीच इथे." त्यानंतर त्यांनी तोंड मिटलं ते मुलाखतीच्या दिवसापर्यंत. सासूबाईंचं बोलणं झेलायची सुनेत्राला सवय होती. गप्प बसणं झेलायची नव्हती.

आगगाडीने बदलापूर हाकेच्या अंतरावर. पण ऑफिसरची बायको नोकरी मागायला आगगाडीने जाणार? श्रीपादरावांनी रजा टाकली. आदल्या संध्याकाळी डब्यातून मोटारीत पेट्रोल ओतताना आईलाही बोलावून दाखवलं. मोटारीच्या मागच्या अंगाला एक टोपण होतं. "हे गाडीचं तोंड, आई. इथून पाजलं की झालं." सासूबाई पदर सावरून बराच वेळ त्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

पहाटे सुनेत्राला जाग आली तेव्हा सासूबाई सोवळ्यात अंगणात होत्या. तुळशीवृंदावनाशी असतील, असं तिला वाटलं. देव्हाऱ्यात त्यांचा गंगेचा गडू होता. मामंजी काशीला गेले तेव्हाचा, तोंड लाखेने बंद केलेला, तांब्याचा. शेवटच्या घटकेला तोंडात घालायचं ते पाणी. घर आवरताना त्या गडूला हात लावायची मुभा कोणालाच नव्हती, तुळशीला नाही, सुनेत्राला नाही आणि मांजराला तर नाहीच.

मोटार निघाली झोकात. क्वार्टर्समधल्या बायका खिडकीत आल्या, श्रीपादरावांनी उगाचच दोनदा भोंगा वाजवला. अंबरनाथ मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं लागली, आणि एका बाभळीशी मोटारीने एकदा उचकी दिली. मग दुसरी. तिसऱ्या उचकीला ती थांबली आणि थांबली ती थांबलीच.

"काही नाही," श्रीपादराव म्हणाले.

हे शब्द सुनेत्राने संसारात पुष्कळ वेळा ऐकले होते, आणि प्रत्येक वेळी काहीतरी होतं. श्रीपादराव उतरले. बॉनेट उघडलं. आत पाहिलं आणि "हं" म्हणाले. हँडल मारून झालं, एक तार काढून तीच परत लावून झाली. मग प्लग काढले, फुंकले, रुमालाने पुसले आणि ओळीने ठेवले. तो रुमाल सुनेत्राने रात्री इस्त्री केला होता. शेवटी निदान झालं : मोटार तापली आहे. थंडीचे दिवस, नुकती तर निघालेली. पण तापली म्हणजे तापली.

रस्त्याने माणूस जात नव्हता तोवर बरं होतं. मग एक सायकलवाला थांबला, त्याने सांगितलं बॅटरी. एक पोस्टमन थांबला, त्याच्या मते साहेबाची मोटार गोऱ्या हाताशिवाय चालत नाही. दूधवाल्याने चाकं दाबून पाहिली. सुनेत्रा आत बसून मनातल्या मनात काळ-काम-वेगाची गणितं म्हणत होती, कारण मुलाखतीत तीच विचारतात असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. अकराला बोलावलं होतं. ऊन बाभळीच्या मुळाशी आलं तेव्हा तिने हळूच विचारलं, मी चालत पुढे होऊ का?

श्रीपादरावांनी बिल्ल्याकडे बोट दाखवलं. हा कशासाठी आहे मग?

जवळ एक रंगाचा कारखाना होता, तिथे फोन होता. श्रीपादराव तिकडे गेले आणि बऱ्याच वेळाने समाधानी चेहऱ्याने परत आले. मंडळीने फोन घेतला होता. मंडळीचा माणूस उद्या दुपारी येणार होता. तोवर गाडीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, नाहीतर मंडळी जबाबदार राहणार नाही.

"आणि आज?" सुनेत्राने विचारलं.

"आज त्यांनी नोंद घेतलीय ना."

इतक्यात उल्हासनगरकडून एक ट्रक आला. लष्कराच्या लिलावातला, हिरवा रंग जागोजागी उडालेला, मागे साखळी लोंबणारी. त्यातून जयदेव उतरला. तिथल्या निर्वासितांच्या कॅम्पात त्याचं गॅरेज होतं. सिंधमध्ये घर सोडताना आपण हत्यारांची पेटी तेवढी आणली, असं तो ओळख होण्याआधीच सांगून टाकी. त्या पेटीवर त्याचा भारी विश्वास होता, आणि अक्कल पेटीतच असल्यासारखा तो ती उघडण्याआधीच बोलू लागला.

"कॉइल खल्लास, साईं."

श्रीपादराव म्हणाले, तापली आहे. जयदेवने बॉनेटवर हात ठेवला, काढला, आणि अदबीने म्हणाला की मग कॉइल पण खल्लास आणि कार्ब्युरेटर पण. ट्रकला बांधून कॅम्पात नेऊ, संध्याकाळपर्यंत नवी नवरी करून देतो.

"पण आम्हाला बदलापूरला जायचंय," सुनेत्रा खिडकीतून म्हणाली. "शाळेत."

जयदेवने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाईसाहेब, बीमार माणसाला हॉस्पिटलला नेतात की शाळेला?"

यावर वाद झाला. श्रीपादराव म्हणत, मंडळीच्या माणसाशिवाय गाडीला हात लावता येणार नाही. जयदेव म्हणे, मंडळी मुंबईत, गाडी इथे, मी पण इथे. मग दोघे मिळून बॉनेटमध्ये वाकले, आणि बाहेर फक्त दोन पाठी दिसू लागल्या. बाहेरून पाहताना कोणती पाठ शिकलेली हे कळत नव्हतं. आपण मोटारीत आहोत हे दोन्ही पाठी विसरल्या आहेत, हे मात्र सुनेत्राला नीट कळलं. मोटारीची मंडळी होती, गॅरेज होतं, डॉक्टर होते. मुलाखत अडली तर कोणाला फोन करायचा?

तेवढ्यात मागून बैलगाडी आली. सोनिवलीचा देऊ अंबरनाथच्या गोठ्यांवर पेंढा टाकून घरी निघाला होता. त्याने बैल थांबवले, तो उतरला नाही, कोणाला काय झालं हेही त्याने विचारलं नाही. सबंध सकाळीत निदान न करणारा तो पहिला पुरुष.

सुनेत्राने दार उघडलं आणि ती खाली उतरली. "दादा, बदलापूरला सोडाल?"

"बस ना बाय. त्याच वाटंनं जायाचंय," देऊ म्हणाला. मोटारीकडे पाहून त्याने आपण होऊन भर घातली, "बांधू का मांगं? वढतील माझी बैलां."

श्रीपादराव ताठ झाले. बिल्ला असलेली मोटार बैलांच्या मागे बदलापुरात शिरणार, या कल्पनेनेच त्यांच्या मिश्या थरथरल्या. बायकोला मात्र ते नाही म्हणू शकले नाहीत, कारण तोवर ती गाडीत उरलेल्या पेंढ्यावर बसलीसुद्धा होती. "अगं, साडी..." एवढंच ते म्हणाले. देऊने बैलांच्या शेपटीला हात लावला.

शाळेत पोचली तेव्हा बाकीच्या उमेदवार निघून गेल्या होत्या आणि समितीचा चहा चालला होता. अध्यक्ष, चिटणीस आणि मुख्याध्यापिका. चिटणिसांनी घड्याळ काढलं. सुनेत्राच्या पदराला पेंढ्याच्या काड्या होत्या, आणि सारवासारव करायला तिच्यापाशी काही उरलं नव्हतं. तिने घडलं तसं सांगितलं : मोटार बंद पडली.

"कशी?" अध्यक्षांनी कप खाली ठेवला.

तिने सांगितलं, उचकी दिल्यासारखी झाली, तीनदा. अध्यक्ष म्हणाले, प्लग. चिटणीस म्हणाले, छे, उचकी म्हणजे कॉइल, माझ्या मेहुण्याच्या गाडीला अगदी असंच. अध्यक्षांनी मेहुण्याची गाडी कोणती ते विचारलं आणि ऐकल्यावर हसले. चिटणिसांना ते लागलं. त्यांनी टाक उचलून सुनेत्राच्याच अर्जाच्या पाठीवर इंजिनाचं चित्र काढलं, अध्यक्षांनी त्यात दोन नळ्या वाढवल्या. सुनेत्रा हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. काळ-काम-वेगाचं एकही गणित कोणी घातलं नाही.

बऱ्याच वेळाने मुख्याध्यापिकांनी, त्या चित्राकडे न बघता, खालच्या आवाजात विचारलं, "दोघे एकदम बोलत असले तरी तुम्ही अशाच शांत असता का, बाई?"

"घरी सवय आहे."

"आमच्या चौथीत अठ्ठेचाळीस मुली आहेत. सोमवारपासून या."

समितीने एकमताने संमती दिली. एकमत फक्त एवढ्यावरच झालं. कॉइल की प्लग हे सुनेत्रा निघाली तरी ठरलं नव्हतं.

ती आगगाडीने परतली. मोटार तिच्या आधीच पोचली होती. जयदेवच्या साखळीला बांधून, श्रीपादराव चक्राशी ताठ बसलेले, बिल्ल्यावर त्यांचाच तो काळा झालेला रुमाल टाकलेला, अशी ती फॅक्टरीच्या दारावरून आली होती, आणि तीही नेमकी पाळी सुटताना. कॅम्पात न्यायला त्यांनी नकार दिला होता. जयदेव रागावला नाही. मंडळीचा माणूस आला की त्याला माझा सलाम सांगा, म्हणाला, आणि निघून गेला.

मग मात्र श्रीपादराव बाह्या सरसावून एकटेच बसले. कोणी बघायला नसलं की त्यांचं डोकं बरं चाले. इंजिनाजवळ काचेची एक छोटी वाटी असते, पेट्रोल तिच्यातून गाळून पुढे जातं. ती त्यांनी काढून उजेडात धरली. वर पेट्रोल, आणि खाली, वेगळं, स्वच्छ, पाणी.

"पाणी," त्यांनी गर्जना केली. "पंपवाल्याने पेट्रोलमध्ये पाणी घातलंय. दूधवाला झालाय मेला. नालिश करतो त्याच्यावर." कागद पुढे ओढून अर्जाचा मजकूर ते मोठमोठ्याने जुळवू लागले. बायकोला नोकरी लागल्याचं त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि भेसळीवर परत आले.

सुनेत्रा आत गेली. देवापुढे साखर ठेवायची होती. वाटी ठेवायला तिने देव्हाऱ्यात जागा केली आणि तिचा हात थबकला. गंगेच्या गडूची लाख फुटली होती. उचलून पाहिला तर गडू हलका होता, फुलासारखा.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बाहेरून पंपवाल्याचा उद्धार ऐकू येत होता.

"आई," सुनेत्रा म्हणाली. "हे..."

"तुम्ही दोघं त्या धुडात बसून जाणार," सासूबाई म्हणाल्या. "तोच म्हणाला, हे गाडीचं तोंड. म्हटलं, शुभ कामाला निघालीय, पवित्र काहीतरी घालावं तिच्या तोंडात. सुखरूप नेईल तुला. अडेल असं काय ठाऊक." मग गडूकडे बघत म्हणाल्या, "शेवटच्या घटकेचं पाणी ते. ज्याची घटका आधी भरली त्याच्या तोंडात पडलं."

सुनेत्राला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले, म्हणून तिने तोंड देव्हाऱ्याकडेच ठेवलं. इतके दिवस सासूबाई गप्प होत्या आणि तिने त्या गप्प बसण्याचं किती निदान केलं होतं. ती कोणत्या तोंडाने जयदेवला हसणार?

"पण मग तुमच्यासाठी काय?"

"तू आहेस की. नळाचं घाल तेव्हा." सासूबाई वळल्या. "आणि त्याला सांगू नकोस. पंपवाल्याला सोडील आणि मला धरील."

पण पंपवाला बिचारा बिनगुन्ह्याचा. सुनेत्रा अंगणात गेली आणि नवऱ्याला तिने एवढंच विचारलं की काचेची वाटी उघडली, म्हणजे गाडीला हात लागला, मग मंडळीला काय सांगणार? आणि नालिशीत तपासणी आली, तपासणीत बैल येणार, साखळी येणार, रुमालसुद्धा येणार. श्रीपादरावांनी बिल्ल्याकडे पाहिलं. अर्जाचा कागद मुकाट्याने चुलीकडे आला. पाणी काढून टाकल्यावर गाडी रात्रीच चालू झाली होती. दुसऱ्या दिवशी मंडळीचा माणूस आला, चालू गाडीचं निदान करून गेला : दोष काही नाही, पण पुढे येऊ शकतो.

सोमवारी सुनेत्रा आगगाडीने निघाली. श्रीपादराव न्यायला तयार होते, सासूबाईच मध्ये पडल्या. दारात त्यांनी दह्याची वाटी आणली.

"हात पुढे कर," त्या म्हणाल्या. "या खेपेला तुझ्याच तोंडात घालते. मधला कोणी नको."