चिकटलेली दोन पानं

मी एक नियमपुस्तिका आहे. क्रीम, साबण, पावडर यांत कोणतं रसायन किती चालेल, ते माझ्यात छापलेलं आहे. या कारखान्यात आले तेव्हा मी चांगली सडपातळ होते. आता पोट इतकं सुटलंय, की मला नाडीनं बांधून ठेवावं लागतं.

दोष माझा नाही. नियम करणाऱ्यांना स्वस्थ बसवत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी दुरुस्तीचं पत्रक यायचं आणि प्रयोगशाळेच्या बाई त्यातल्या ओळी कापून माझ्या जुन्या ओळींवर डिंकानं चिकटवायच्या. एका पानावर तर चार थर आहेत. चौघांचं एकमेकांशी पटत नाही.

तरी माझा रुबाब होता. बाईंच्या सहीशिवाय माल बाहेर जात नसे आणि मला विचारल्याशिवाय बाई सही करत नसत.

त्या दुपारी तान्ह्या बाळांच्या क्रीमच्या सहाशे डब्या गाडीत चढल्या होत्या.

"बाई, सही तेवढी राहिलीय," मालक दारातून म्हणाले. "ड्रायव्हरचा दोनदा चहा झाला."

"तिसरा पाजा. बघतेय मी."

एक्केचाळिसाव्या पानावर क्रीम टिकवणाऱ्या रसायनाची मर्यादा होती. माल त्या मर्यादेत बसत होता. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

माझा जीव टांगणीला लागला. लहान मुलांसाठी ती मर्यादा निम्मी झाली होती. ती दुरुस्ती पुढच्याच पानावर होती, बाईंनीच महिन्यापूर्वी चिकटवलेली. पण घरी जायच्या घाईत त्यांनी डिंक वाळायच्या आत मला मिटलं, आणि बेचाळीस-त्रेचाळीस ही पानं एकमेकांना घट्ट धरून बसली. मला ओरडता येत नाही. पुस्तिकेच्या जातीत हा मोठाच उणेपणा आहे.

सवयीनं बाईंनी पान उलटलं आणि बोट थांबलं.

"हे पुठ्ठ्यासारखं का लागतंय? एक्केचाळीसनंतर एकदम चव्वेचाळीस?"

त्यांनी मला चहाच्या किटलीच्या वाफेवर धरलं.

"वाफारा देताय?" मालक म्हणाले. "सर्दी झालीय का तिला?"

"थांबा हो जरा."

पानं सुटली. बाईंनी वाचलं आणि पेनाला टोपण लावलं.

"डब्या उतरवा. सगळ्या. यात दुप्पट पडलंय."

मालकांचा चेहरा उतरला. "आधी काही गेलंय का बाहेर?"

"बाळांचं क्रीम आपण पहिल्यांदाच करतोय. एकही डबी गेलेली नाही."

मालकांनी रुमालानं मान पुसली. "पहिली डबी मी लेकीकडे नेणार होतो. नातवासाठी."

"आता नव्या मालातली न्या. मीच काढून देईन."

मालक गाडीकडे गेले. गाडीतून डब्या उतरल्याचे आवाज येत होते. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सगळ्या दुरुस्त्या धरून छापलेली नवी पुस्तिका आली आणि बाईंनी माझ्या मुखपृष्ठावर लाल शाईत 'रद्द' लिहिलं. दुसरी कुणी असती तर रडली असती. मला त्या दिवशी गाढ झोप लागली.

हल्ली मी कपाटात वरच्या फळीवर असते. एवढंच मागणं आहे: कुणी मला खाली काढलंच, तर खुशाल चाळा, हसा, पण माझा शब्द मानू नका. आणि त्या नवीचाही, तारीख बघितल्याशिवाय.