दसऱ्याच्या दिवशी अडलेली एन्टर की

मित्रांनो, माझ्या अंगावरचं अक्षर कधीच पुसलं गेलंय, पण जागेवरून ओळखालच. मी कीबोर्डच्या उजव्या काठावरची एन्टर की, जुनी आणि थोडीशी शिष्ट. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी माझ्यावर कथा-कादंबऱ्या लिहील. नशिबी आला तो अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या नोव्हाय गावी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचा पगार विभाग!

पण काय सांगू, इथे जे पाहिलं त्याने मी थक्क झाले. पूर्वी मला दाबलं की शेजारचा प्रिंटर कुरकुरत चेक छापायचा. ते पाकिटात भरेपर्यंत दुपार व्हायची. मग कंपनीने नवी प्रणाली आणली. आता पगाराचं काम बघणाऱ्या शुभाकाकूंचं बोट माझ्यावरून उचललं जायच्या आत पगार बँकांकडे निघतो, कापलेला प्राप्तिकर सरकारकडे निघतो, कोण कामावर आहे आणि कोण नाही हे विमा कंपनीला कळतं. बाप रे! माझी हालचाल ती केवढीशी, आणि पोचते कुठवर! अजूनही दर वेळी मला धडकी भरते.

शुभाकाकू मूळच्या नागपूरच्या. या वर्षी दसरा आणि पगाराचा दिवस एकच आला. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या.

"काकू, आयटीवाले ओरडतील यार!" शेजारच्या टेबलावरची राधिका हसली.

"ओरडू दे. वर्षभर राबते बिचारी."

मी अशी फुलले म्हणता! कौतुक कुणाला नको असतं?

दुपारी सगळं भरून झालं आणि काकूंनी मला दाबलं. मी खाली जाईचना! अक्षतांमधला एक दाणा माझ्याखाली शिरून बसला होता.

"माउसने क्लिक करा ना," राधिका म्हणाली. "बँकेची वेळ संपत आलीये."

"छे! पगार मी हिनेच पाठवते."

भारी हट्टी बाई. राधिका पिन शोधायला गेली आणि काकू नुसत्याच स्क्रीनकडे बघत बसल्या. बघता बघता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं बाई! मी ओजसची नोकरीच संपवली की!"

ओजस हा कंपनीतला इंजिनियर, नुकताच वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलला बदलून गेलेला. तिथे पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणून काकूंना त्याचा मिशिगनचा कर बंद करायचा होता. घाईत त्यांनी कराऐवजी नोकरीपुढेच 'समाप्त' नोंदवलं होतं. आणि त्याची बायको इशिता त्याच दिवशी बाळंतपणासाठी हॉस्पिटलात होती! मी खाली गेले असते, तर त्याच्या नोकरीमुळे मिळणारा तिचा आरोग्य विमा तिथल्या तिथे बंद पडला असता. कुंकू लावून मिरवणाऱ्या मीच ते केलं असतं, आणि मला पत्ताही लागला नसता.

काकूंनी नोंद सुधारली. राधिकाने दाणा काढला. मग काकूंनी सगळं पुन्हा वाचलं आणि मला दाबलं.

संध्याकाळी ओजसचा फोन आला. "काकू, मुलगी झाली! दोघी एकदम ओके. आणि इन्शुरन्सचं पण सगळं स्मूद झालं, काही टेन्शन नाही!"

"अभिनंदन रे राजा," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवून ढसाढसा रडल्या.

मित्रांनो, ज्यांनी मला हा वेग दिला त्यांच्या बुद्धीपुढे मी आजही नतमस्तक आहे. पण मला वाचता येत नाही हो. दाबलंत की मी निघाले. कुणाच्या घरी काय घेऊन जाते, ते मला दिसत नाही. ते फक्त तुम्हाला दिसतं. म्हणून दाबण्याआधी एकदा बघा, एवढंच मागणं आहे.