ट्रेमधली सतरावी स्लाइड

दारावरची बेल वाजली तेव्हा मी लेकीशी फोनवर बोलत होते. म्हणजे ती बोलत होती आणि मी हं-हं करत होते. ती लांब राहते. दर रविवारी अकराला फोन करते, आणि तिच्या मागे नेहमी कुठलं तरी भांडं नाहीतर गाडी वाजत असते.

"कोणीतरी आलंय गं," मी म्हणाले.

"तुझ्याकडे? कोण?" तिने इतक्या नवलाने विचारलं की मलाच हसू आलं.

फोन ठेवून दार उघडलं, तर दारात पंचविशीची एक मुलगी उभी होती. खांद्याला लॅपटॉपची बॅग, गळ्यात ओळखपत्र, चेहरा ओढलेला.

"मॅडम, मी पुठ्ठ्याच्या कारखान्यातून आले. तिथलं सेफ्टी ट्रेनिंग आता मी बघते. फोरमनसाहेबांनी पत्ता दिला. म्हणाले, रविवारी जा, स्लाइडबाई घरीच असतात, त्या कुठे जाणार!" बोलून झाल्यावर तिने जीभ चावली.

"बरोबरच आहे त्याचं. ये आत. आणि मॅडम नको म्हणूस, इथे कोणी हजेरी घेत नाही."

स्लाइडबाई! निवृत्त झाल्यापासूनच्या चौदा वर्षांत त्या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. मी चहाला दोन कप काढले, तर दुसऱ्या कपात धूळ होती. तो विसळताना मला उगाचच लाज वाटली.

त्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली. पुठ्ठा, पुठ्ठ्याची खोकी, तेवढंच तिथे व्हायचं. नवं माणूस मशिनला हात लावायच्या आधी आणि जुनं माणूस वर्षातून एकदा माझ्या खोलीत यायचं, नियम शिकायला. माझ्याआधी एक साहेब नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचायचे, माणसं खाली मान घालून डुलक्या काढायची आणि शेवटी सही ठोकून निघून जायची. मी वर्षभर पाठपुरावा करून प्रोजेक्टर मागवून घेतला. वर गोल ट्रे, त्याला ऐंशी खाचा, प्रत्येक खाचेत चौकटीत बसवलेली बोटभर फिल्म. बटण दाबलं की खटक्, आणि भिंतीवर दाराएवढं चित्र.

एका स्लाइडवर एकच चित्र, तेही आपल्याच कारखान्यातलं, आपल्याच मशिनचं. अक्षर एकही नाही. चित्र लावायचं, भिंतीकडे पाठ करून माणसांकडे तोंड करायचं आणि गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजायचे. पाचापर्यंत सगळे भिंतीकडे बघतात, सातापर्यंत एकमेकांकडे, आणि दहा व्हायच्या आत कोणीतरी बोलतंच, "बाई, त्या पट्ट्यावरची जाळी कुठाय?" की मग बाकीचे तुटून पडतात. आपल्या तोंडाने दाखवलेली चूक माणूस जन्मात विसरत नाही. खोली मात्र पूर्ण काळोखी करायची नाही. मागची रांग घोरायला लागते.

त्या ऐंशीतली सतरावी स्लाइड ह्यांच्या हाताची होती.

हे तिथेच फिटर होते. मशिन साफ करायला किंवा दुरुस्तीला उघडायचं, तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. म्हणजे आपला हात आत असताना बाहेरून कोणी मशिन चालू करू शकत नाही. प्रत्येकाला आपलं एक लाल कुलूप मिळायचं. निवृत्त होताना ते कुलूप माणसाला देऊन टाकायची तिथली पद्धत होती. लोक ते घरी नेऊन कशाकशाला लावायचे, एकाने तर सायकलला लावलं होतं.

सतराव्या स्लाइडवर फक्त एवढंच. स्विच, लाल कुलूप, आणि ते घालणारा ह्यांचा डावा हात. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, बोटांच्या पेरांत ग्रीस. ह्यांना फोटो काढून घ्यायचा भारी कंटाळा. लग्नातल्या फोटोतसुद्धा मान फिरवलेली. हात तेवढा नीट आला आहे, तोही कारखान्याच्या भिंतीवर.

"चहा गार होतोय, काकू," मुलगी म्हणाली. मॅडमची काकू झाले होते. बरं वाटलं.

तिने लॅपटॉप उघडून आपलं ट्रेनिंग दाखवलं. बासष्ट स्लाइड. प्रत्येकीवर मुंग्या सोडल्यासारखी अक्षरं. वाचता वाचता माझा चष्मा दोनदा पुसून झाला.

"हे तू वाचून दाखवतेस?"

"हो. सगळे नियम यायलाच हवेत ना, तपासणीला दाखवावं लागतं. शेवटी दहा प्रश्न असतात. सगळ्यांना दहापैकी दहा मिळतात."

"मग छानच आहे की."

"गेल्या महिन्यात रोलरवरच्या एका ऑपरेटरच्या दोन बोटांची टोकं गेली, काकू. त्यालाही दहापैकी दहा होते."

मी कप खाली ठेवला.

"त्याने कुलूप घातलं होतं," ती हळूहळू सांगू लागली. "पण किल्ली कुलपातच ठेवली होती. दुसऱ्याला वाटलं काम संपलं. त्याने किल्ली फिरवली, कुलूप काढलं, मशिन सुरू केलं. चौकशीत ऑपरेटर म्हणाला, ट्रेनिंगच्या चित्रातही किल्ली कुलपातच आहे."

"कुठल्या चित्रात?"

तिने बटण दाबलं. एकोणचाळिसावी. जुन्या ट्रेमधलं तेवढं एकच चित्र त्यांनी कॉम्प्युटरवर चढवून जपलं होतं. ह्यांचा हात पडद्यावर आला. मी नखाची चीर बघितली. पेरांतलं ग्रीस बघितलं.

"कुलपाकडे बघा, काकू," ती म्हणाली.

कुलपाच्या पोटात, खालच्या बाजूला, बारीकशी चकचकीत किल्ली होती.

"नाही," मी म्हणाले. "हे शक्य नाही. ह्यांनी उभ्या जन्मात किल्ली कुलपात ठेवली नाही. अंघोळीला जाताना खिशातली काढून टेबलावर ठेवायचे, तर मला बजावून जायचे, हलवू नकोस म्हणून."

बोलता बोलताच आठवलं. सुट्टीचा दिवस होता. ओळखपत्रांचे फोटो काढणारा माणूस मी बोलावला होता. त्याला पुढच्या कामावर पळायचं होतं. हे कुलूप घालत होते, मी मागून म्हणाले, "चला लवकर, किल्ली राहू द्या, नुसता फोटो तर आहे. लगेच काढायचंच आहे." हे पुटपुटले होते, "नुसता कसा, लोक बघणार ना?" पण माझ्यापुढे कधी वाद घालायचे नाहीत. किल्ली माझ्यामुळे राहिली होती.

बावीस वर्षं मी ते चित्र लावलं. ऐंशीतल्या एकोणऐंशी चित्रांना दहा मोजले. ह्या एकालाच मोजले नाहीत. हे चित्र आलं की मीच बोलायला लागायचे, "हा हात बघा, असं घालायचं कुलूप." हे वारल्यानंतरच्या सहा वर्षांत तर जास्तच. कोणाला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही.

"मॅनेजरसाहेब म्हणतात हे चित्र काढून टाक," मुलगी म्हणाली. "पण माणसांना माझ्या बासष्टमधलं एवढंच आठवतं. एकाने तर अंगठ्याची चीरसुद्धा सांगितली. म्हणून मी एक विचार केलाय. किल्ली कॉम्प्युटरवर पुसता येते, एका मिनिटात. कोणाला कळणारही नाही. हात तसाच राहील. तुमची हरकत नसेल तर..."

खरं सांगते, मला मोह झाला. एका मिनिटाचं काम. ह्यांचा हात भिंतीवर राहणार, स्वच्छ, बिनचूक, मी गेल्यानंतरही. तो काढला, तर तो फक्त माझ्या डोळ्यांत उरणार, आणि माझे डोळे आता किती दिवसांचे सोबती.

"करू का?" तिने विचारलं. तिचं बोट तयारच होतं.

"त्या ऑपरेटरच्या बोटांना आता कसं आहे?"

"पट्टी निघाली. पण शर्टाची बटणं बायकोला लावावी लागतात."

"मग पुसू नकोस," मी म्हणाले. "मला एकदा ते चित्र लावू दे. तुझ्या सगळ्या माणसांसमोर."

बुधवारी सकाळी नऊला मी कारखान्यात गेले. जाताना गॅलरीच्या दाराचं लाल कुलूप किल्लीसकट काढून पिशवीत टाकलं. ह्यांचंच ते. फाटकावरच्या माणसाने माझं नाव, काम आणि कोणाला भेटायचं ते विचारलं. एकतीस वर्षं त्या फाटकातून मान वर करून गेले होते. आता वहीत 'पाहुणी' असं लिहून सही केली.

माझी खोली तीच होती. खुर्च्या नव्या, पडदा नवा, प्रोजेक्टर छताला. अठ्ठावीस माणसं बसली होती, त्यातली ओळखीची एकच, फोरमन. मी त्याला शिकवलं तेव्हा त्याला धड मिशीही नव्हती. आता त्याची निवृत्ती वर्षावर आली होती. तो उठून उभा राहिला, तसे बाकीचेही गोंधळून उठले.

"बसा रे, बसा. मी काही राष्ट्रगीत नाही," मी म्हणाले. हशा झाला.

मुलीने चित्र लावलं. मी भिंतीकडे पाठ केली. मागे ह्यांचा हात आहे हे पाठीला कळत होतं. ओठ दाबून धरले आणि मोजायला लागले.

एक. दोन. तीन. पाचावर सगळे भिंतीकडे बघत होते. सातावर एकमेकांकडे. आठावर फोरमनने मान खाली घातली, आणि मला कळलं.

नऊ.

"किल्ली कुलपातच आहे की!" दुसऱ्या रांगेतली एक ऑपरेटर बाई म्हणाली. नवीच लागली होती. तिला कोणी कोपराने ढोसलं. "ढोसतोस काय? आहे तर आहे! अशानेच तर त्याची बोटं गेली."

"बरोबर," मी म्हणाले. "हा हात माझ्या नवऱ्याचा. त्यांनी जन्मात एकदाच किल्ली कुलपात ठेवली, ती ह्या फोटोपुरती, आणि तीही मी घाई केली म्हणून. मग बावीस वर्षं मी लोकांना हात बघा म्हणत राहिले, आणि कुलूप मीच बघितलं नाही." मी फोरमनकडे वळले. "तुला कधी दिसली होती रे?"

तो उठला. डोक्यावरची टोपी हातात घेतली.

"पहिल्याच वर्षी, बाई."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही थांबायच्याच नाहीत ना त्या चित्राला. आणि तुमचे यजमान गेल्यावर तुम्ही त्याच्याकडे अशा बघायच्यात... आम्ही आपसात ठरवलं होतं, बाईंना कोणी काही बोलायचं नाही."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी, बाई."

म्हणजे इतकी वर्षं अख्ख्या कारखान्याने मला सांभाळून घेतलं होतं. खोली भरून माणसं, आणि त्यांच्यामध्ये मी एकटीच आंधळी. राग कोणावर काढायचा तेही समजेना.

मी पिशवीतून कुलूप काढलं आणि त्या दुसऱ्या रांगेतल्या बाईला दिलं. "तू दाखव सगळ्यांना. कसं घालायचं."

तिने कुलूप खिडकीच्या गजाला अडकवलं, दाबलं, किल्ली काढून दोन बोटांत सगळ्यांना दाखवली आणि आपल्या खिशात टाकली. "ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली," ती म्हणाली. "आता मॅनेजरसाहेब आले तरी देणार नाही." पुन्हा हशा. मागची रांगसुद्धा जागी होती. कोपऱ्यात मुलगी वहीत भराभर लिहीत होती. लिहून झाल्यावर ती मला म्हणाली, "काकू, हे चित्र आता पहिलं. किल्लीसकट. आणि मी दहा मोजणार." तिच्या साठेक स्लाइडचं काय करायचं ते मी तिला नंतर सांगणार होते, पण तिने स्वतःच कबूल केलं, त्यातल्या निम्म्या तपासणीवाल्यांच्या फाईलमध्येच शोभतील.

भोंगा झाला. माणसं उठली, फोरमनने माझ्या पायांना हात लावला, आणि दोन मिनिटांत खोली रिकामी झाली.

मग माझं लक्ष खिडकीकडे गेलं. कुलूप गजालाच होतं, आणि किल्ली त्या बाईच्या खिशातून कामावर गेली होती.

"थांबा, मी आणते धावत," मुलगी म्हणाली. "नाहीतर स्टोअरमध्ये जास्तीच्या किल्ल्या असतात."

"नको. तिने घातलंय, तीच काढेल. जेवणाची सुट्टी कधी?"

"साडेबाराला. अजून दोन तास आहेत, काकू!"

"असू देत. मला कुठे जायचंय?" मी म्हणाले. "फक्त तो प्रोजेक्टर बंद करू नकोस."

ती गेली. मी पहिल्या रांगेत बसले. एकतीस वर्षांत त्या रांगेत मी कधी बसले नव्हते, नेहमी पलीकडे उभी. भिंतीपलीकडे रोलर सुरू झाले, जमीन बारीक थरथरायला लागली, समोरचा हातही जरासा थरथरला. ह्या वेळी मी आधी किल्ली बघितली. मग कुलूप. मग सावकाश नखाच्या चिरेपर्यंत आले.

साडेबाराला ती बाई येईल. तोपर्यंत मी मोजत बसले, दहाच्याही पुढे.