वासंतीबाईंचा संताप

वासंतीबाई संतापल्या की तळहात टेबलावर आपटत, आणि खिडकीतून तिरप्या उतरलेल्या उन्हात खडूची धूळ क्षणभर सोनेरी होऊन त्यांच्या चेहऱ्याभोवती तरंगत राही. भिंतीपलीकडच्या कापड विणणाऱ्या लूमची खटखट आमच्या शाळेला जन्मापासून चिकटलेली. पण त्या आघातानंतरची शिक्षकखोलीतली स्तब्धता त्या खटखटीहूनही मोठी वाटे. त्या मराठी शिकवत, मी विज्ञान. एरवी त्यांची भाषा नितळ, प्रमाण. मात्र राग चढला की गावाकडची बोली अकलोलीच्या गरम झऱ्याच्या कुंडातल्या पाण्यासारखी आतूनच तापून वर येई.

त्या माघात हा राग पेटला तो सातवीतल्या रुखसानामुळे. लूमवर राबणाऱ्या बापाची ही लेक घरी हिंदी बोले, शाळेत मराठीतून शिके आणि गणितात सतत नापास होई. गणिताचे पाटीलसर म्हणत, हिची भाषाच कच्ची. आम्ही म्हणत असू, सरांचे शिकवणेच कोरडे. या टोलवाटोलवीत मुलगी कुणाचीच उरली नाही. अखेर मुख्याध्यापकांनी बापाला बोलावून सांगितले, हिला ही शाळा झेपत नाही, दुसरी बघा.

ते ऐकून वासंतीबाई तडक पाटीलसरांच्या तासाला गेल्या आणि रुखसानाशेजारी बाकावर बसल्या.

"बाई, माझी तपासणी करायला आलात?" सरांचा आवाज धारदार झाला.

"न्हाय सर. ही पोर कुठं अडते, ते बघाया आलेय."

सरांनी उदाहरण घातले : टोपलीतल्या चाळीस आंब्यांपैकी निम्मे विकले, तर उरले किती? रुखसानाची पेन्सिल थबकली.

"निम्मे म्हणजे काय गं?" बाईंनी विचारले.

"मालूम नहीं, बाई. आंब्याची जात असेल. हापूस जैसी."

कुणी हसले नाही. सर फळ्यापासून तिच्या बाकापर्यंत चालत आले. "आधा, बेटा. निम्मे म्हणजे आधा." तिने उत्तर तत्क्षणी लिहिले.

बाहेर आल्यावर बाईंनी सरांना थांबवले. "इतक्या कविता शिकवल्या हिला, सर, आन् हा एक शब्द दिला न्हाय मी." सर एवढेच म्हणाले, "उद्या मी तुमच्या तासाला बसतो."

ते बसू लागले, मग मीही. पण मुख्याध्यापकांनी फर्मान काढले : ज्याचा तास त्यानेच सांभाळावा, दुसऱ्याने डोकावू नये. आणि त्याच आठवड्यात, निर्लज्जपणाची परिसीमा अशी, की शिक्षकांमधील सहकार्याची मार्गदर्शक तत्त्वे समजावायला त्यांनीच बाहेरून एक वक्ते आणले. विश्वास, संवाद, परस्पर आदर असे गुळगुळीत शब्द पडद्यावर एकामागून एक उमटत होते. वासंतीबाई मध्येच उभ्या राहिल्या आणि मुख्याध्यापकांकडे वळल्या.

"साहेब, पोर एकच हाय. विषयागणिक तिचे तुकडे आमीच केले. ते जोडाया एकमेकांच्या वर्गात गेलो, तर मनाई झाली. आन् आता विश्वास आमाला शिकवताय?"

पाटीलसर उठून त्यांच्याशेजारी उभे राहिले. मी उठले. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज सभागृहभर पसरत गेले, आणि मुख्याध्यापकांची मान खाली गेली.

मनाई गुपचूप मागे घेतली गेली. रुखसाना आमच्याच शाळेत आठवीत गेली. आणि जूनमध्ये वासंतीबाईंना संस्थेच्या वळ गावातल्या शाळेत, गोदामांच्या रांगांपलीकडे, धाडून देण्यात आले. कारण कुणी सांगितले नाही. सांगण्यासारखे ते नव्हतेच. आम्ही सगळ्यांनी मिळून विरोध केला, तेव्हा संस्थेच्या माणसाने हसून उत्तर दिले, "अहो, बाईंच्या अनुभवाचा तिकडे उपयोग होईल."

त्या हास्याची चीड अजून माझ्या कानशिलांत ठणकते. आता आमच्याकडे कुणीही कुणाच्या वर्गात जाऊन बसतो, आणि नव्याने आलेले शिक्षक ही इथली जुनीच पद्धत समजतात. काळ माणसाला दूर नेतो, त्याची रीत मागे ठेवतो आणि तिच्यावरचे नाव सावकाश पुसत जातो. ते पुसले जाणे मात्र मला एकाही दिवशी मुकाट्याने पाहवत नाही.